पखवाजाचे डावे अंग

एका वर्षी माघ महिन्यात, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात असे घडले की, संगीताच्या उत्सवात गावचे सर्वांत थोर वादक दोन्ही कानांत बोळे घालून येऊन बसले. ज्यांनी ते पाहिले त्यांना आधी हसू आले, मग वाईट वाटले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र साऱ्या सभेच्या अंगावर काटा उभा राहिला. ते कसे झाले, ते सांगतो.

त्या गावात तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची एक मोठी आळी होती. सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथे हातोड्यांचे ठोके चालत. हंडे, घागरी, घंगाळी, पराती, काय काय तिथे ठोकून ठोकून मठारले जाई. त्या गदारोळात कुणाला कुणाचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून आळीतल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांच्या खुणांची एक बोलीच तयार केली होती. लहान पोरेसुद्धा बोटांनी भांडत आणि बोटांनीच समेट करीत. चाळीस-पन्नास वर्षे ठोके घातलेल्या माणसाचे कान हळूहळू जात. आळीतले बहुतेक म्हातारे बहिरे होते. त्याचे कुणाला नवल वाटत नसे आणि दुःखही फारसे कुणी करीत नसे.

त्याच गावात एक वृद्ध पखवाजवादक राहत. त्यांना सारे गुरुजी म्हणत. पंचाहत्तरी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण पखवाजावर हात पडला की समोरच्या समईची ज्योत हलते असे लोक सांगत. ज्योत खरेच हलत होती की नाही ठाऊक नाही. लोक सांगत एवढे मात्र खरे. दरवर्षी माघात नदीकाठच्या देवळाच्या सभामंडपात ते तीन दिवसांचा उत्सव भरवीत. दूरदूरचे गायक-वादक येत, आणि शेवटच्या दिवशी सकाळी गुरुजी स्वतः वाजवीत.

त्या वर्षी त्यांनी उत्सवाची सगळी व्यवस्था आपल्या शिष्यावर सोपवली. त्याचे नाव शारंगधर. वय तिशीचे, बारा वर्षे गुरुजींपाशी शिकत होता. मनाने निर्मळ आणि कामाला चोख. गुरुजी त्याला एवढेच म्हणाले, "जो येईल त्याला संगीत मिळालं पाहिजे. बाकी तू बघून घे."

शारंगधराने महिनाभर झटून बघून घेतले. सभामंडपाच्या सागवानी फळ्यांवर त्याने जाड गाद्या घातल्या, गाद्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी. नदीवरचा वारा आत येऊन सूर विस्कटू नये म्हणून दारांना भरड पडदे लावले. गावातल्या एका सधन व्यापाऱ्याने या सगळ्याला हातभार लावला होता. त्या शेटजींसाठी मंचाच्या डाव्या हाताला लोड-तक्क्यांची जागा राखून ठेवली. मग तो तांबट आळीत गेला आणि तीन दिवस ठोके बंद ठेवण्याची विनंती करून आला.

आळीने नेहमीप्रमाणे होकार दिला. दरवर्षी त्या तीन दिवसांत आळी गप्प बसे. ज्यांच्या गप्प बसण्यावर सगळा उत्सव उभा होता, त्यांच्यातले म्हातारे उत्सवाला मात्र कधी येत नसत. बहिऱ्या माणसाने गाण्याला येऊन करायचे काय, असे गावालाही वाटे आणि त्यांनाही वाटत असावे, असे शारंगधर धरून चालला होता. खरे सांगायचे तर त्याने त्यावर कधी विचारच केला नव्हता.

पहिल्या दिवशी दुपारी सभा भरली. गायन सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच मागच्या खांबापाशी कुणी तरी मोठ्याने बोलले.

"द्वारके, सुरू झालं का गं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आळीतला भिकोबा तांबट खांबाला मिठी मारून बसला होता. ऐंशीच्या घरातला, खांदे अजून रुंद, हाताचे तळवे पायताणासारखे जाड. गेली वीस वर्षे त्याला काही ऐकू येत नव्हते, त्यामुळे आपला आवाज किती मोठा आहे हेही त्याला कळत नव्हते. शेजारी त्याची सून द्वारका बोटांनी घाईघाईने खुणा करीत होती. शेटजींच्या कपाळावर आठी उमटली. गायकाने क्षणभर डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

शारंगधर चवड्यांवर चालत मागे गेला. त्याने भिकोबाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, खांद्याला धरून उठवले आणि अगदी हळुवारपणे बाहेर ओट्यावर आणून बसवले.

"बाई," तो द्वारकेला म्हणाला, "राग मानू नका. यांना ऐकू येत नाही, मग आत दाटीवाटीत कशाला त्रास? इथं ओट्यावर मोकळी हवा आहे. मी प्रसाद पाठवून देतो."

"मामंजींना खांबातून कळतं," द्वारका म्हणाली. "गेल्या साली देवळाची घंटा वाजत होती, तेव्हा यांनी खांबाला हात लावला होता. तेव्हापासून मागं लागलेत, मला उत्सवाला ने म्हणून."

"हो, हो," शारंगधर म्हणाला. पण त्याचे लक्ष आतल्या गाण्याकडे होते. "खरंच राग मानू नका."

भिकोबाने सुनेकडे पाहिले, शारंगधराच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले, आणि काय ते ओळखून काठी उचलली. प्रसादाची वाट न पाहता दोघेही निघून गेली. शारंगधर आत परतला तेव्हा त्याला समाधान वाटत होते. सभेचा भंग झाला नव्हता आणि म्हाताऱ्याचा अपमानही झाला नव्हता. दोन्ही गोष्टी त्याने सांभाळल्या होत्या.

संध्याकाळी सभा संपल्यावर गुरुजींनी विचारले, "खांबापाशी बसले होते ते कुठं गेले?"

शारंगधराने सगळे सांगितले. गुरुजींनी ऐकून घेतले.

"खांबातून त्यांना काय कळतं, ते विचारलंस?"

"नाही, गुरुजी."

गुरुजींनी पायांत वहाणा सरकवल्या आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शारंगधर नेहमीप्रमाणे गुरुजींच्या घरी गेला तेव्हा ते घरात नव्हते. शोधत शोधत तो तांबट आळीत पोहोचला. भिकोबाच्या पडवीत गुरुजी मांडी घालून बसले होते. त्यांच्या दोन्ही कानांत मेणात भिजवलेल्या कापसाचे मोठे बोळे होते आणि वरून उपरणे घट्ट बांधलेले होते. मांडीवर एक रिकामा हंडा होता. समोर भिकोबा आपल्या जाड तळव्यांनी हंड्यावर कुठे तरी थापटी मारी, आणि गुरुजी डोळे मिटून कशाचा तरी ठाव घेतल्यासारखे बसून राहत. शारंगधराने हाक मारली. गुरुजींनी वळूनही पाहिले नाही.

"पहाटेपासून असंच चाललंय," द्वारका म्हणाली. "आमचे मामंजी शिकवताहेत आणि तुमचे गुरुजी चुकताहेत."

दुपारी गुरुजी तसेच सभेत आले. कानांतले बोळे तसेच, उपरणे तसेच. त्या दिवशी दूरच्या नगरातून आलेल्या एका नामवंत गायकाचे गाणे होते. सभेच्या अगदी पुढे, पांढऱ्या गादीवर, गुरुजी कान बांधून बसले. कुजबुज सुरू झाली. पुढे जे घडले ते त्याहून विचित्र होते. गाणे रंगात आले असताना गुरुजी उठले. या खांबाला हात लाव, त्या खांबाला गाल टेकव, असे करीत ते साऱ्या मंडपात फिरू लागले. एका ठिकाणी त्यांनी गादीचे टोक उचलले आणि त्याखालच्या फळीवर ते चक्क पालथे झोपले.

शारंगधराला धरणी दुभंगावी असे वाटले. ज्या माणसाच्या शब्दाला साऱ्या मुलखात मान होता, त्याच्याकडे आज पोरे बोट दाखवत होती. शेटजी त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "शारंगधरपंत, वय झालं हो त्यांचं. उद्या त्यांना बसवू नका मंचावर. लोक हसतील." मनातून शारंगधरालाही तीच भीती वाटत होती.

गाणे संपल्यावर तो पाहुण्या गायकाची क्षमा मागायला गेला. गायक दुखावला होता. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

"आज रात्रीच निघणार होतो," तो म्हणाला. "आता थांबतो. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्या गाण्याला कान का बंद केले, हे कळल्याशिवाय मी हे गाव सोडणार नाही."

तिसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता देवळात गुरुजींचा लेखी निरोप आला: मंडपातल्या सगळ्या गाद्या काढून टाक, फळ्या उघड्या कर. शारंगधर निरोप वाचतो न वाचतो तोच देवळाच्या पायऱ्यांवर पावले वाजली. भिकोबा येत होता, आणि त्याच्यामागून आळीतले आणखी आठ म्हातारे. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. प्रत्येकाबरोबर एक रिकामे भांडे होते, भिकोबापाशी दोन. कुणाचा हंडा, कुणाचे घंगाळ, एकाची भलीमोठी कळशी. कोकराला पोटाशी धरावे तशी त्यांनी ती धरली होती. सर्वांत मागून गुरुजी आले. त्यांचे कान आता मोकळे होते.

"गुरुजी," शारंगधर काकुळतीने म्हणाला, "सगळा गाव जमणार. ही भांडी बघून थट्टा होईल. तुमची होईल."

"होईल कदाचित," गुरुजी म्हणाले. "गाद्या काढ."

गाद्या निघाल्या. म्हातारे मंडपात फिरू लागले. ते खाली बसत, फळीवर तळवा ठेवत, उठत, दुसरीकडे बसत, एकमेकांना बोटांनी काही सांगत. अखेर साऱ्यांचे एकमत झाले आणि ते मंचाच्या डाव्या हाताला, मंचाच्या लाकडाला भांडी टेकवून, दाटीने बसले. ती नेमकी शेटजींची जागा होती. थोड्या वेळाने शेटजी आले, आपल्या लोडाच्या जागी नऊ तांबट बघून थबकले, आणि शारंगधराकडे रोखून पाहू लागले.

"शेटजी, आज तिकडं बसा," गुरुजी मंचावरून म्हणाले. "तुम्हांला कुठूनही ऐकू येतं. त्यांना इथूनच येतं."

शेटजी सज्जन गृहस्थ होते. ते मागे जाऊन उघड्या फळीवर बसले.

इतक्यात मंडप भरून गेला. शारंगधर आपल्या नेहमीच्या जागी, गुरुजींच्या मागे बसायला निघाला, तर गुरुजींनी त्याला थांबवले. झोळीतून मेणाचे दोन बोळे काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवले.

"आज तू घाल. जा, भिकोबांपाशी बस."

बारा वर्षांत गुरुजींचे सांगणे त्याने कधी मोडले नव्हते. त्याने बोळे कानांत दाबून बसवले. साऱ्या सभेची कुजबुज, नदीचा खळखळाट, पडद्यांची फडफड, सगळे एकदम दूर गेले. आपल्याच श्वासाशिवाय काही राहिले नाही. तो भिकोबाशेजारी बसला. भिकोबाने आपल्यापाशी असलेला दुसरा हंडा त्याच्याकडे सरकवला. शारंगधराने तो घट्ट धरला. भिकोबाने मान हलवली आणि ज्या हातांनी परवा आपल्याला बाहेर नेले होते ते शारंगधराचे हात आपल्या हातांत घेऊन त्याचे एकेक बोट सैल केले. अंगठा, मग तर्जनी, मग बाकीची. अखेर तळवे नुसते तांब्याला टेकलेले राहिले.

मंचावर गुरुजींचा हात उचलला गेला आणि खाली आला.

शारंगधराला काही कळले नाही. दुसरी थाप पडली. आता तळव्याखाली काही तरी जागे झाल्यासारखे वाटले. तिसऱ्या थापेला तांबे थरारले आणि तो थरार मनगटातून चढून कोपरापर्यंत गेला. मग गुरुजींनी चौतालाचा ठेका धरला, आणि शारंगधराच्या मांडीवरचा तो निर्जीव हंडा श्वास घेऊ लागला.

पुढे जे झाले ते सांगायला त्याला आयुष्यभर नीट शब्द सापडले नाहीत. गुरुजी वाजवीत होते तो अक्षरांचा बोल त्याला पाठ होता. झोपेत विचारला असता तरी त्याने म्हणून दाखवला असता. पण आता तो बोल बाहेरून येत नव्हता. तो फळीतून मांड्यांत, मांड्यांतून पाठीच्या कण्यात शिरत होता, हंड्यातून पोटात उतरत होता. पखवाजाच्या उजव्या अंगाचे, म्हणजे उजव्या तोंडाचे, अक्षर बारीक, मोहरी तडतडावी तसे बोटांच्या टोकांवर येई. डाव्या अंगाचे अक्षर खालून उसळून साऱ्या छातीवर पसरे. त्याने डावीकडे पाहिले. नऊ म्हातारे डोळे मिटून बसले होते. बारा मात्रांचे आवर्तन पुरे होऊन समेवर थाप पडली आणि नऊच्या नऊ माना एका क्षणी खाली झुकल्या. त्यांतल्या कुणालाही काही ऐकू येत नव्हते. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. पुढच्या समेला पुन्हा नऊ माना. त्याच्या पुढच्या समेला दहा, कारण शारंगधराची मान आपोआप झुकली होती.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हंडा सोडवेना म्हणून त्याने ते पुसले नाही.

पहिला बोल संपला. गुरुजींनी हात आवरला. आणि त्याच वेळी भिकोबाने एकदम डोळे उघडून मोठ्याने म्हटले, "बुवा, डावं अंग दबलंय! नाद अर्ध्यात मरतोय!"

ते शब्द बोळे घातलेल्या शारंगधरालाही ऐकू गेले. त्याने झटकन कानांतले बोळे काढले. मंडपात कुणी श्वाससुद्धा घेत नव्हते. एक बहिरा माणूस, भर सभेत, मुलखातल्या सर्वांत मोठ्या पखवाजवादकाला सांगत होता की तुमच्या वाद्याचा नाद चुकतो आहे. द्वारकेने पदर तोंडाशी नेला. शेटजी अर्धे उठले. पाहुणा गायक पुढे झुकून पाहू लागला.

पखवाजाच्या डाव्या अंगाला वाजवण्यापूर्वी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. त्यानेच त्याचा नाद खोल आणि भारदस्त होतो. कणीक कमी पडली तर नाद पोकळ वाटतो, जास्त झाली तर दबून जातो. ती बेताची लावणे हे वर्षानुवर्षांच्या सवयीचे काम. त्या दिवशी सकाळी, नेहमीप्रमाणे, ती शारंगधराने लावली होती. गाद्यांच्या आणि भांड्यांच्या विवंचनेत त्याचा हात घाईत होता. वाद्य सुरात लागल्यासारखे त्याला वाटले होते. सभेतल्या कुणालाही काही वावगे वाटले नव्हते.

गुरुजींनी भिकोबाकडे क्षणभर पाहिले. मग त्यांनी पखवाजाचे डावे अंग आपल्याकडे वळवले आणि कणकेतून चिंचोक्याएवढा तुकडा काढून थाप दिली. भिकोबाचा तळवा हंड्यावर होता. त्याने मान हलवली, नाही. गुरुजींनी आणखी एक तुकडा काढला. थाप दिली. भिकोबाने दोन बोटे जवळ आणून दाखवली: अजून थोडे. गुरुजींनी नखाने कणकेची कड खरवडली, तळहाताने ती सारखी केली, आणि हात उचलून संथपणे थाप टाकली.

या वेळी साऱ्यांना कळले. कानांनी ऐकणाऱ्यांनाही कळले. नाद मोकळा झाला होता. तो मंडपात दाटला, खांबांतून वर गेला, आणि कमी कमी होत कानांना येईनासा झाला. लोकांनी रोखलेला श्वास सोडला. पण भिकोबाने एक बोट वर केले होते आणि ते अजून तसेच होते. शारंगधराने तळवे हंड्यावर ठेवले. नाद तिथे होता. कानांनी जिथे त्याला संपला म्हणून सोडून दिले होते, त्याच्या पुढेही तो तांब्यात शांतपणे चालत होता, बारीक, अधिक बारीक, तरी अजून होता. सारी सभा त्या वर केलेल्या बोटाकडे पाहत राहिली. कितीतरी वेळाने बोट खाली आले.

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवावी असे कुणाला वाटलेच नाही.

गुरुजी मंचावरून उठले, कुरकुरणारे गुडघे सांभाळत खाली उतरले, आणि त्यांनी भिकोबाच्या तळव्यांना आपले कपाळ लावले. मग ते परत जाऊन बसले आणि सूर्य बराच वर येईपर्यंत वाजवीत राहिले. ज्यांनी त्यांना पन्नास वर्षे ऐकले होते ते म्हणाले, असे कधीच ऐकले नव्हते.

सभा पांगल्यावर शारंगधर गुरुजींच्या पायांशी येऊन बसला. पाहुणा गायकही येऊन उभा राहिला. काय विचारायचे ते दोघांच्याही चेहऱ्यांवर होते.

गुरुजी प्रथम गायकाला म्हणाले, "तुमचं गाणं मला कानांनी ऐकायचं होतं हो. पण त्याहून एका गोष्टीची निकड मोठी होती. मनाला लागलं असेल तर या म्हाताऱ्याला क्षमा करा."

मग ते शिष्याकडे वळले.

"शारंगा, कान बांधून मी काही भिकोबा झालो नाही. एका दिवसात दुसऱ्याचं जिणं कळत नाही. मला एवढंच कळलं, की नादाला माणसापर्यंत यायला पुष्कळ वाटा आहेत, आणि आपल्याला एकच ठाऊक होती. फळीवर गादी घातली तेव्हा एक वाट बुजली. आपल्या मनात खोट नव्हती. आपल्याला ती वाट दिसतच नव्हती. मला ती भिकोबांनी दाखवली. कुठं बसायचं, कोणतं भांडं घ्यायचं, ते कसं धरायचं, हे त्यांचंच ज्ञान आहे. वीस वर्षं ते हंड्याला बारीकशी चीर गेली असली तरी तळव्यानं ओळखतात. माझ्याकडून एवढंच झालं, की मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं."

शारंगधर खाली मान घालून म्हणाला, "मी त्यांना हात जोडून बाहेर नेलं, गुरुजी. अपमान केला नाही असं मला वाटलं."

"नाहीच केलास. पण तुझ्या त्या जोडलेल्या हातांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती, की द्यायला फक्त आपल्याजवळ आहे, आणि त्यांना फक्त घ्यायचं आहे, तेही जमलं तर. आज ते आले नसते तर काय झालं असतं? दबलेला पखवाज मी सकाळभर वाजवला असता, तुम्ही सारे वाहवा म्हणाला असता, आणि कुणाला काहीच कळलं नसतं. सभेत जो येऊ शकत नाही, त्याचं नुकसान होतं हे आपल्याला दिसतं. त्याच्या नसण्यानं सभेचं काय जातं, ते मात्र दिसत नाही; कारण ते त्याच्याबरोबर बाहेरच राहिलेलं असतं."

शारंगधर उठून पायऱ्यांपाशी गेला. भिकोबा आणि द्वारका निघण्याच्या बेतात होते. शारंगधराने द्वारकेला क्षमेची खूण विचारून घेतली, आणि अवघडल्या बोटांनी ती भिकोबासमोर करून दाखवली. भिकोबा मोठ्याने हसला.

"यानं काय म्हटलं ठाऊक आहे का?" तो सुनेला म्हणाला. "माझी परात परत दे म्हणतोय!"

द्वारकाही हसली आणि तिने शारंगधराचा अंगठा वळवून खूण नीट करून दिली. त्याने ती पुन्हा केली. या वेळी भिकोबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो थोडा वेळ तिथेच राहू दिला.

"आळीत आणखी कोण आहे," शारंगधराने विचारले, "ज्यांना यावंसं वाटतं आणि येता येत नाही?"

द्वारका म्हणाली, "आमच्या शेजारची शेवंता आहे. पंचविशीची आहे, पण लहान मुलासारखी. आनंद झाला की डोलते आणि मोठमोठ्यानं ओरडते. लोक वळून बघतात, म्हणून तिची आई तिला कुठं नेत नाही. गल्लीतनं वाजंत्री गेली की दाराला धक्के देत बसते बिचारी."

"मग पुढच्या साली तिच्यासाठी पडद्याआड वेगळी जागा करू," शारंगधर उत्साहाने म्हणाला. "म्हणजे कुणी बघणार नाही. आणि एखादी गादी, आणि तिच्या आईला..." बोलता बोलता तो थांबला. आपलेच बोलणे त्याच्या कानांवर पडले होते. मग त्याने विचारले, "तिला काय आवडेल?"

"मला काय ठाऊक? तिलाच विचारा की," द्वारका म्हणाली. "ती बोलत नाही, पण सांगते."

तिघे आळीकडे निघाले. ऊन चढले होते. शेवंताच्या आईने दार उघडले आणि परका माणूस बघून ती बावरली, पण द्वारकेने तिला काही सांगितल्यावर बाजूला झाली. आत भिंतीला टेकून बसलेल्या मुलीने मान वर करून पाहिले.

शारंगधर उंबऱ्याशी खाली बसला. विचारायचे ते त्याने विचारले, आणि मग, मुळीच घाई न करता, उत्तराची वाट पाहू लागला.